पावसाळ्यात झिनियाची पाने खालून वर करपत जातात. मुंबईत झिनिया नेमका केव्हा लावावा?

माणिकमोती, विलेपार्ले (पूर्व) · १९ ऑगस्ट

नमस्कार. आमची इमारत जुनी, तीन मजली आहे. तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीखाली, कुंपणाच्या भिंतीलगत, सुमारे १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद अशी मातीची दक्षिणाभिमुख पट्टी असून ती बागेसाठी वापरायला सोसायटीने मला परवानगी दिली आहे. तिच्या एका टोकाला जुनी तगर आहे. उरलेल्या जागेत या वर्षी झिनिया लावायचा, असे ठरवून मी मेच्या अखेरीस एका रोपवाटिकेतून २४ रोपे आणली. सगळी रोपे काळ्या पिशव्यांमध्ये, वीतभर उंच आणि फुललेली होती. पहिले दहा-बारा दिवस ती इतकी सुरेख दिसत होती की येणारीजाणारी माणसे फाटकाशी थांबून पाहत असत.

पाऊस स्थिरावला तसे चित्र पालटले. जूनच्या अखेरीस अगदी खालच्या पानांवर तांबूस तपकिरी ठिपके दिसू लागले. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी करडा, जवळजवळ पांढरा डाग आणि भोवती लालसर कडा होती. ठिपके एकमेकांत मिसळले की पान कडकडीत वाळून देठाला लटकून राही, आणि मग वरच्या जोडीची पाळी येई. जुलैच्या मोठ्या पावसात आठ रोपे जमिनीलगत काळी पडून आडवी झाली. आता नऊ रोपे कशीबशी उभी आहेत. त्यांना रुपयाच्या नाण्याएवढी फुले येतात आणि पाकळ्यांवरही डाग असतात. ही भुरी असावी, अशा समजुतीने मी दर आठवड्याला कडुनिंबाचे तेल फवारले. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

उरलेली रोपे वाचवता येतील का, मुंबईत झिनियाचा खरा मोसम कोणता, आणि या फुलांचे बी धरून ठेवून पुढच्या वर्षी वापरावे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. शेजारच्या काकूंचा सल्ला असा की सदाफुली लावावी आणि मोकळे व्हावे. तो मला अजून तरी पटलेला नाही.

गच्चीतला माळी, मुलुंड · १९ ऑगस्ट

ताई, ठिपक्यांचे वर्णन तुम्ही इतके नेमके केले आहे की फोटोची गरज भासत नाही. हा करपा आहे, भुरी नव्हे. झिनियावर येणाऱ्या या करप्याची बुरशी अल्टरनेरिया कुळातली असते. तिला पान ओले लागते, आणि पावसाचा थेंब मातीवर आपटून उडाला की तिचे बीजाणू त्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर जाऊन बसतात. म्हणूनच तुमची पाने खालून वर अशी गेली. भुरीची तऱ्हा याच्या उलट असते. पानावर पिठाची चिमूट टाकून बोटाने पसरावी तशी ती दिसते, तिला पानावर पाणी साचलेले लागत नाही, उलट धो-धो पावसात ती धुऊनच निघते. आपल्याकडे तिचे दिवस येतात ते पाऊस गेल्यावर, म्हणजे रात्री गारवा आणि दुपारी ऊन असे हवामान सुरू झाले की. त्यामुळे जुलैमध्ये भुरीवरचे औषध मारणे म्हणजे ताप एकाला आणि काढा दुसऱ्याला, असा प्रकार झाला. शिवाय त्या पावसात तेल पानावर किती वेळ टिकले असेल, हाही प्रश्नच आहे.

जमिनीलगत काळी पडलेली आठ रोपे मात्र करप्याने गेलेली नाहीत. ती मूळकुज आहे. तुमच्या पट्टीतली माती बहुधा रोपवाटिकांमध्ये गोणीने मिळणारी लाल माती असावी. ती कोरडी असताना हाताला छान भुसभुशीत लागते, परंतु दोन पाऊस पडले की तिचा थापलेल्या विटेसारखा थर होतो. एक साधी परीक्षा करून पाहा. पाऊस उघडून चार तास झाल्यावर वीतभर खोल खड्डा घ्या, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि घड्याळ लावून बसा. पाणी अर्ध्या तासात जिरले तर माती ठीक आहे. तासाभरानेही आरशासारखे दिसत राहिले तर त्या जागी झिनिया लावणे व्यर्थ आहे.

नऊ रोपांचा मोह सोडा. ती मुळासकट उपटा, गळलेली पाने वेचा, आणि हे सगळे घरच्या खतात न टाकता ओल्या कचऱ्यात द्या, कारण घरगुती खताचा ढीग ही बुरशी मरण्याइतका तापत नाही. बी धरण्याचा विचारही सोडून द्या. हा करपा बियांबरोबर पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे डागाळलेल्या फुलांचे बी जपणे म्हणजे रोगच डबीत भरून ठेवणे होय.

आता मोसमाविषयी. पुस्तकांमध्ये झिनिया उन्हाळी आणि पावसाळी हंगामी फुलझाड म्हणून दिलेला असतो आणि देशावर जिथे पाऊस बेताचा असतो तिथे ते खरेही आहे. पण ज्या शहरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तिथे ते वाक्य जसेच्या तसे लागू होत नाही. मी गेली काही वर्षे दोनदा पेरतो. पहिली पेरणी गणपतीच्या आगेमागे आडोशाला करतो, आणि दुसरी जानेवारीच्या अखेरीस. पहिल्या पेरणीची फुले ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतात, दुसरीची मार्चअखेरीपासून पावसापर्यंत. बी चार-सहा दिवसांत रुजते आणि पेरल्यापासून साधारण ६० ते ७० दिवसांत फूल येते. दिवस लहान होत गेले की झिनिया लवकर कळी धरतो, हेही सप्टेंबरच्या पेरणीला मानवते.

आणि फुललेली रोपे विकत आणू नका. झिनियाला मूळ दुखावलेले सोसत नाही. पिशवीत गर्दी होऊन घाईने फुललेले रोप म्हणजे आपले अर्धे आयुष्य तिथेच संपवून आलेले रोप. ते नव्या जागी अंग धरत नाही. बी थेट जमिनीत पेरणे उत्तम, आणि पाऊस चालूच असेल तर कागदी पेल्यात पेरून, चार पाने आल्यावर, मातीचा गड्डा न फोडता पेल्यासकट लावावे.

पट्टी मात्र उंच करून घ्या. मी एकावर एक दोन विटा रचून कड केली आणि आत दोन भाग माती, एक भाग जाडसर रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत भरले. खताचा हात आखडता ठेवा; नत्र जास्त झाले तर पाने भाजीसारखी माजतात आणि फुले रुसतात. दोन रोपांत फूटभर अंतर हवेच. तुम्ही २४ रोपे लावली होती तिथे मी १६ लावली असती.

गॅलरीतली फुले, गिरगाव · २० ऑगस्ट

माळीकाकांचे निदान मला मान्य आहे, परंतु मुंबईत पावसाळ्यात झिनिया होतच नाही, असा कोणी अर्थ काढू नये, म्हणून हे लिहीत आहे. आमच्या चाळीच्या गॅलरीत मी जुलैमध्येही झिनिया फुलवते. त्यात माझे कौशल्य थोडे आणि दिशेचा गुण जास्त आहे. आपला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येतो, त्यामुळे इमारतीच्या पश्चिमेकडच्या खिडक्या झोडपून निघतात आणि पूर्वेकडची बाजू तुलनेने कोरडी राहते. माझी गॅलरी पूर्वेकडे आहे, वर पत्र्याची पन्हळ पुढे आलेली आहे, आणि ढग उघडले की सकाळचे ऊन मिळते. पानावर पाऊस पडत नाही. पाणी मी झारीने थेट मातीला देते, तेही बोट दोन पेरे आत घालून कोरडे लागले तरच.

मोठ्या फुलांचे उंच वाण मात्र मी त्या दिवसांत लावत नाही. प्रोफ्युजन नावाने मिळणारे बुटके झिनिया लावते. त्यांची फुले एकेरी आणि लहान असतात, पण बागेतला नेहमीचा झिनिया आणि अरुंद पानांचा रानटी झिनिया यांच्या संकरातून ते आलेले असल्याने भुरीला सहसा जुमानत नाहीत. या मालिकेतल्या वाणांना १९९९ मध्ये नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या अमेरिकेतल्या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले होते. बी महाग पडते, हे कबूल केले पाहिजे.

तुमची पट्टी दक्षिणाभिमुख आहे हे वाचून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. ज्या दोन दिवसांना आपण शून्य सावलीचे दिवस म्हणतो ते याच काळाच्या दोन टोकांना येतात. म्हणजे ढग नसते तरीही त्या दहा-अकरा आठवड्यांत भर दुपारी तुमच्या पट्टीवर इमारतीचीच सावली पडली असती. झिनियाला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन लागते. आता मात्र सूर्य दक्षिणेकडे उतरत जाईल आणि डिसेंबरपर्यंत तुमच्या पट्टीला दिवसेंदिवस जास्त ऊन मिळेल. तुम्ही जागा चुकला नाहीत, महिना चुकला.

थोडे विषयांतर वाटेल, पण ओलाव्याची ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनिया वाढवले गेले तेव्हा २०१५ च्या डिसेंबरात त्या रोपांच्या पानांच्या कडांवर पाण्याचे थेंब जमू लागले आणि मग पानांवर बुरशी चढली. कारण काय, तर मुळांशी पाणी जास्त आणि हवा फिरवणारा पंखा मंद. अंतराळवीर स्कॉट केली यांनी खराब पाने कापून टाकली, पंख्याचा वेग वाढवला गेला, तर त्या वाऱ्याने रोपे सुकू लागली. शेवटी त्यांनी मागणी केली की ठरलेल्या वेळापत्रकाने पाणी देण्याऐवजी रोपाकडे पाहून केव्हा द्यायचे ते मला ठरवू द्या. काही रोपे गेली, उरलेल्यांना जानेवारी २०१६ मध्ये नारिंगी फूल आले. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर जो घोटाळा झाला तोच पार्ल्यात झाला आहे, एवढेच. म्हणून कुंपणाच्या भिंतीला रोपे चिकटवू नका. भिंत आणि पहिली ओळ यांत दीड वीत तरी मोकळी ठेवा, म्हणजे वारा मागूनही फिरेल.

दापोलीचा विद्यार्थी, बोरिवली · २० ऑगस्ट

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. बियांबद्दल थोडी भर घालतो. आपण ज्याला झिनियाचे एक फूल म्हणतो तो सूर्यफुलासारखाच अनेक फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र स्त्री-फूल असते, आणि मध्यभागी जे पिवळे, चांदणीसारखे बारीक ठिपके दिसतात ती उभयलिंगी फुले असतात. परागकण याच चांदण्यांत असतात. भरगच्च फुलात चांदण्या जवळपास नसतातच, त्यामुळे त्याला पराग शेजारच्या, बहुधा कमी पाकळ्यांच्या फुलाचा मिळतो आणि फुलपाखरे ही सरमिसळ आनंदाने करतात. म्हणूनच घरच्या बियांतून पुढच्या वर्षी आईसारखी मुलगी येईलच, याची खात्री देता येत नाही. पाकिटावर एफ-वन (म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) असे छापलेले असेल तर ती आशा मुळीच धरू नये. साध्या वाणांचे बी निरोगी रोपावरून जरूर धरावे. फूल देठावरच वाळून तपकिरी होऊ द्यावे, मग पाकळी ओढली की तिच्या बुडाशी चिकटलेले टोकदार बी हातात येते. मुंबईच्या दमट हवेत हे बी उघड्यावर फार दिवस टिकत नाही. औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी घालून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावे.

पार्ल्याच्या तळमजल्यावर पावसाळी रात्री मोठ्या गोगलगायी येत असणार. कोवळी झिनियाची रोपे त्या एका रात्रीत देठापर्यंत साफ करतात आणि सकाळी आपण बी रुजले नाही असे समजतो. रोपांना सहा पाने येईपर्यंत रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन एक फेरी मारावी, हातमोजे घालून त्या उचलाव्यात. याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

माणिकमोती, विलेपार्ले (पूर्व) · २३ ऑगस्ट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल नऊही रोपे उपटली. मुळे पाहून वाईट वाटले, कारण मातीचा गड्डा अजूनही पिशवीच्याच आकाराचा होता. तीन महिन्यांत एकही मूळ त्याच्या बाहेर गेले नव्हते. पाण्याची परीक्षाही केली. दीड तासाने पाणी होते तिथेच होते आणि त्यात तगरीचे फूल तरंगत होते.

विटा सांगितल्या आहेत, रेती येत आहे. बी कागदी पेल्यांत ५ सप्टेंबरला पेरणार आहे. एकच शंका राहिली. रोप लहान असताना शेंडा खुडावा, असे सर्वत्र वाचते, परंतु इतक्या नुकसानीनंतर आलेली पहिली कळी आपल्याच हाताने तोडायची, हे माझ्याच्याने होईल असे वाटत नाही. ते खरोखर आवश्यक आहे का?

गच्चीतला माळी, मुलुंड · २३ ऑगस्ट

ताई, कळी दिसेपर्यंत थांबायचेच नाही, म्हणजे जीव हळहळणार नाही. झिनियाची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडीच्या बगलेत दोन झोपलेले डोळे असतात. रोप वीतभर झाले आणि चौथी जोडी उघडली की तिसऱ्या जोडीच्या लगेच वर, अंगठा आणि तर्जनी यांच्या नखांनी शेंडा खुडायचा. खुडताना कोवळ्या भेंडीचे टोक मोडल्यासारखा आवाज आला तर वेळ बरोबर साधली असे समजावे. देठ चिवटपणे वाकला आणि सालीला लोंबकळला तर उशीर झाला. शेंडा गेला की खालचे सहा डोळे जागे होतात. न खुडलेल्या रोपाला मधोमध एक मोठे फूल येते आणि बाजूच्या फांद्या मागाहून रेंगाळत येतात. खुडलेल्याला आठ-दहा दिवस उशिरा, पण सहा फुले. बुटक्या वाणांना हे करावे लागत नाही, ते जात्याच झुडपासारखे वाढतात.

विश्वास बसत नसेल तर अर्धी रोपे खुडा आणि अर्धी तशीच सोडा. मीही पहिल्या वर्षी असेच केले होते, आणि न खुडलेली चार उंच रोपे ऑक्टोबरच्या एका वळवाच्या सरीत कमरेतून मोडली.

माणिकमोती, विलेपार्ले (पूर्व) · ९ नोव्हेंबर

धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व, परंतु हिशेब देणे आवश्यक वाटले. २० पेल्यांत पेरले, १७ रुजले, दोन गोगलगायींनी नेले (पहिल्या रात्री फेरी चुकली), १५ जमिनीत गेले. आठ खुडले, सात सोडले. सोडलेल्यांपैकी पहिले फूल २९ ऑक्टोबरला उमलले, गडद शेंदरी रंगाचे. खुडलेली रोपे आता फुलू लागली आहेत आणि त्यांच्यावर मी कळ्या मोजण्याचे सोडून दिले आहे. कढीपत्त्यावर वाढलेली काळी फुलपाखरे दहाच्या सुमारास येतात आणि शेजारच्या काकू त्याच वेळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभ्या असतात. सदाफुलीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

दोन अडचणी आहेत. तगरीजवळच्या दोन रोपांच्या पानांवर पिठासारखे पांढरे दिसू लागले आहे. ही आता खरी भुरी असावी. घरात तेच कडुनिंबाचे तेल आहे आणि दुकानदाराने गंधकाची भुकटीही दिली आहे. दुसरे असे की फुलदाणीत ठेवलेली फुले दुसऱ्याच दिवशी मान टाकतात.

दापोलीचा विद्यार्थी, बोरिवली · ९ नोव्हेंबर

होय, ही भुरीच. तगरीच्या आडोशाला वारा कमी आणि सावली जास्त, म्हणून सुरुवात तिथून झाली. तगरीच्या खालच्या दोन-तीन फांद्या छाटा आणि पिठाळलेली पाने काढून टाका. तेल आणि गंधक यांपैकी एकच निवडा. तेल फवारल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक मारले तर पाने भाजतात. पाण्यात विरघळणारे गंधक असेल तर लिटरला २ ग्रॅम, तेही संध्याकाळी, कारण नोव्हेंबरातही आपल्याकडे दुपारचा पारा ३२ अंशांच्या वर जातो आणि त्या उन्हात गंधकाने पाने करपतात. दोनच रोपे असल्यामुळे मी आधी एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण सकाळच्या उन्हात, आठवड्यातून एकदा फवारून पाहिले असते. रोग कोवळा असेल तर ते पुष्कळदा पुरते.

गॅलरीतली फुले, गिरगाव · १० नोव्हेंबर

मान टाकण्याचे कारण बहुधा असे की फूल अर्धवट उमललेले असताना कापले जाते. गुलाबाची कळी फुलदाणीत उमलते, झिनियाची उमलत नाही. तो जसा कापाल तसाच राहतो. कापण्याआधी फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ चिमटीत धरा आणि हलकेच हलवा. फूल डुगडुगले तर त्याला आणखी दोन दिवस झाडावर राहू द्या. देठ काठीसारखा ताठ राहिला तर कापा. सकाळी ऊन चढण्याआधी, पानांच्या जोडीच्या थोडे वर कापा, म्हणजे तिथून पुन्हा दोन फांद्या फुटतील. पाण्यात बुडणारी सगळी पाने काढून टाका आणि पाणी रोज बदला. माझ्याकडे अशी फुले सहा-सात दिवस सहज टिकतात. आणि फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, ती गारठ्याने काळवंडतात.